सोळा म्हणजे सोळा

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा.

आज सुनेने मला लिंबाला सुई टोचायला लावली. गुरुपौर्णिमेच्या दिवशी! सकाळी दत्ताच्या देवळात जाऊन आले, नैवेद्य दाखवला, आणि दुपारी पाटावर बसून मी नातवंडं यायच्या वयाची बाई लिंबात पाणी भरते आहे. गुरू कोण, तर मोहिनी. लग्नाला अजून वर्ष नाही झालं.

झालं असं की सासूबाईंच्या पायाची जखम भरेना म्हणून दाखवायला नेलं, तर साखर चारशेच्या वर. आता गोळ्या बंद आणि इन्सुलिन सुरू. सकाळी सोळा युनिट, संध्याकाळी दहा. मोहिनी जळगावला एका दवाखान्यात सिस्टर आहे खरी, पण तिची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. नशिराबादहून जाऊन येऊन तिचा जीव अर्धा होतो. हेमराजला सुई बघून घाम फुटतो (माझाच मुलगा, काय बोलू), आणि यांचा हात थरथरतो. उरले कोण? मीच.

तर तिचा धडा असा. हात धुवा. बाटली तळहातांत घोळवा, हलवू नका. बाटलीवरचा आकडा वाचा, चाळीस. सुईवरचा आकडा वाचा, चाळीस. लाल टोपणाचीच सुई. मग भरा. ताट वाढून समोर आल्याशिवाय टोचू नका. जेवण नाही तर सुई नाही, मला फोन करा. हे सगळं रोज, दोन्ही वेळा, मोठ्याने म्हणत.

मी म्हटलं, "अगं, आकडा काय रात्रीतून बदलतो का?"

ती म्हणाली, "आकडा नाही बदलत, आई. बाटली बदलते."

उत्तर तयारच असतं. साक्रीच्या शाळेत आमचा अर्धा वर्ग गणितात बसला होता, मी पहिल्या फेरीत मॅट्रिक झाले. घरचा जमाखर्च इतकी वर्षं मीच लिहिते. मला सोळा मोजायला शिकवते. सोळा म्हणजे सोळा.

१३ जुलै, रविवार.

आज पहिल्यांदा सासूबाईंना स्वतः सुई दिली. देवाचं नाव घेतलं, डोळे मिटणार होते, मोहिनी ओरडली, "डोळे उघडे ठेवा!" सासूबाई पोट उघडं करून खुशाल पडल्या होत्या. म्हणतात, "टोच, टोच. इतला वरीस बोल टोचात, आते सुई टोच."

सून हसली. मला हसू आलं नाही.

१९ जुलै, शनिवार.

डोकं फिरायची पाळी आली आहे. आज मोहिनीने भिकुबाईंना दारातून परत पाठवलं.

भिकुबाई म्हणजे आमच्या थोरल्या जाऊ. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. भाऊबंदकीत त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. निंदणी करून थकल्या होत्या, म्हणून मेडिकलमधून सलाईनची बाटली आणि नळी घेऊनच आल्या. "सूनबाई, एवढी चढाई दे. घरमा नर्स शे तं बाहेर कसाले जाऊ?" बरोबरच आहे. गावात सगळे चढवतात, अशक्तपणाला बाटलीच लागते.

तर ही म्हणते, "चिठ्ठी कुठंय, अक्का?" कसली चिठ्ठी? मग त्यांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं आणि म्हणाली, "बीपी खूप वाढलंय. यात मीठ आहे, मी नाही लावणार. दुपारी माझ्याबरोबर चला, डॉक्टरांना दाखवू. तोवर ताक प्या, बिनमिठाचं."

बिनमिठाचं ताक! अक्का बाटली पिशवीत टाकून उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "सुनंदा, तुन्ही सून लई शिकेल शे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोहिनीला बोलले, सोडलं नाही. एक बाटली लावली असती तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, "बिघडलं असतं तर अक्कांचं बिघडलं असतं, आई." आणि डबा घेऊन ड्यूटीवर गेली. दिवसभर कोणाशी बोलावंसं वाटलं नाही.

२४ जुलै, गुरुवार. अमावस्या.

उद्यापासून श्रावण. यंदा भाऊबंदांची कानबाईमाय आमच्या घरी बसणार. आमच्या घराची पाळी आली आहे, आणि निरोपाच्या दिवशी देवीचा चौरंग डोक्यावर घ्यायचा मान माझा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागे चालले, यंदा मी पुढे. यांना म्हटलं, रंग काढून घ्या घराला. म्हणतात बघू.

देवीच्या प्रसादाच्या रोटांचा गहू मोजायला अक्का आल्या. (आल्या बाई, राग धरला नाही. म्हणजे धरलाय, पण आल्या.) घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू. अक्का मोजत होत्या, मी नावं सांगत होते. मोहिनी चहा घेऊन आली आणि विचारते काय, "सव्वा मूठ कोणाच्या हाताची?"

अक्कांची मूठ तशीच हवेत.

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"नाही, अक्कांची मूठ लहान, हेमराजची मोठी. माप कोणाचं धरायचं, म्हणून विचारलं."

आता याला काय म्हणावं! देवाच्या मापातसुद्धा हिला आकडा पाहिजे. अक्का म्हणाल्या, "जिना हातमा देवीनं देयेल शे, तिनी मूठ." आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. माझी नावं चुकली ती वेगळीच.

२७ जुलै, रविवार.

फैजपूरच्या नणंदबाई, बेबाताई, आल्या होत्या. केळीचा फणा आणला. आणि एक चांगलं काम केलं, आपल्या आईसाठी इन्सुलिनच्या काचेच्या कांड्या आणल्या. त्यांच्या यजमानांचं औषध डॉक्टरांनी बदललं, या फ्रिजमध्ये पडून होत्या. कांड्या पेनात घालायच्या असतात, पण पेन त्यांच्याकडेच राहिलं. काय अडतं? रबर आहे, सुई आत जाते. नाव बघितलं, बाटलीवरचं आणि कांडीवरचं अक्षरशः सारखं. मुदत पुढच्या वर्षापर्यंत. असं महागाचं औषध फेकून देणाऱ्याला लक्ष्मी माफ करत नाही. कोथिंबिरीच्या डब्यामागे ठेवून दिल्या.

मोहिनीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, चिठ्ठी कुठंय.

२ ऑगस्ट, शनिवार.

पुरण, गंगाफळ, केळीचे खांब, नारळ, नथ, सगळं झालं. माणसं येऊ लागली. हेमराजला तीन दिवस सांगते आहे की आजीची बाटली संपत आली, येताना आण. आज काय आणलं? डफवाल्यांसाठी बिड्या. म्हणतो, "सोमवारी आणतो ना आई, एक दिवसाने काय होतं!" मोहिनी आठवडाभर रात्रपाळीला, सणालाही सुट्टी नाही. हिच्या दवाखान्यातल्या लोकांना देवधर्म आहे की नाही? सकाळी येते, तोंड धुते, झोपते. आमचं बोलणं "जेवलीस का" आणि "हो" एवढंच.

बाटलीत जेमतेम आजची संध्याकाळ आणि उद्याची सकाळ.

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई बसल्या.

काय रूप आलंय! नारळाला नथ घातली तेव्हा सगळ्या बायका गप्प झाल्या. आरतीला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. घाईत लिहिते.

सकाळी बाटली संपली. संध्याकाळची सुई बेबाताईंच्या कांडीतून दिली. लाल टोपणाचीच सुई, दहा. कांडीवर आकडा वाचला (वाचते मी, कोणी म्हणू नये वाचत नाही), तर शंभर. म्हणजे चांगलंच की. चाळीसपेक्षा शंभर केव्हाही बरं, औषध पूर्ण ताकदीचं असणार. सासूबाई दोन पुरणपोळ्या जेवल्या, मी म्हटलं एक पुरे, ऐकतात कुठे. नंतर गाणी चालू असताना घामाने पातळ भिजलं त्यांचं. गर्दी, दिवे, श्रावणातला उकाडा. मी पदराने वारा घातला, वाटीभर खीर मागितली ती दिली, मग बऱ्या झाल्या.

उद्या निरोप. चौरंग माझ्या डोक्यावर. कानबाईमाय, तोल सांभाळ.

४ ऑगस्ट, सोमवार.

जळगावच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहिते आहे. पाठीमागचं पान फाडून आणलंय, घरी गेल्यावर चिकटवीन.

उजाडताच अंघोळ केली, सासूबाईंना सुई दिली. सोळा. देवीला निरोप दिल्याशिवाय घरात कोणी तोंडात घास घालत नाही, म्हणून ताट कोणाचंच नव्हतं. पण औषधाला उपास नसतो. इतक्या गडबडीत मी वेळ चुकवली नाही, हे कोणाच्या ध्यानातही यायचं नाही.

डफ वाजायला लागला. सासूबाईंना दारात खुर्ची टाकून बसवलं होतं. मी चुंबळ डोक्यावर ठेवली, अक्का चौरंग उचलून देणार, तेवढ्यात मागून कोणी तरी किंचाळलं, "कानबाई उनी! कानबाई उनी वं माय!"

वळून बघते तर सासूबाईंचं अंग थडथड उडतंय. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलताहेत, कपाळावरून घामाच्या धारा. आमच्या घरी, आमच्या पाळीला देवी अंगात आली! माझे डोळे भरून आले. चुंबळ सावरत मी पाया पडले, बायकाही पडायला लागल्या, कुंकू लावलं, मांडीत नारळ आणि खण घातला. अक्का पुढे झाल्या आणि हात जोडून विचारलं, "माय, मना वावरमा बोरले पाणी लागी का?"

सासूबाई म्हणाल्या, "पाणी... पाणी..."

अक्कांनी जमिनीला कपाळ टेकलं. किती वर्षं त्या शेतात बोरवेल खणायच्या मागे आहेत. दुसरं विचारणार, नातीच्या सोयरिकीचं, इतक्यात मोहिनी रात्रपाळीहून आली. रिक्षातून उतरली ती सरळ गर्दीत घुसली. पाय धुतले नाहीत, डोक्यावर पदर नाही, खांद्याला पर्स तशीच.

"आजी! आजी, मी कोण आहे सांगा!"

सासूबाईंनी सांगितलं नाही. देवी कशी सांगेल? तर हिने पर्समधून ते मशीन काढलं आणि सासूबाईंच्या बोटाला टोचलं. देवीचं रक्त काढलं! मी तिथे उभी, डोक्यावर चुंबळ, हात रिकामे. मशीनकडे बघून ती ओरडली, "अडतीस! साखर आणा! कोणीतरी साखर आणा!"

कोणी हललं नाही. मग तिने चौरंगापुढची नैवेद्याची साखरेची वाटी उचलली, तांब्यातल्या पाण्यात उलटी केली, बोटाने ढवळली. आधी चमचाभर पाजलं, गळ्याकडे बघत राहिली, गिळलं म्हणाली, मग आणखी, मग आणखी. अक्कांनी तिचा दंड धरला. "देवी उनी शे अन् हाई पोरगी तिना तोंडमा साखर कोंबस!" मोहिनीने त्यांचा हात झटकला. झटकला! मागे वळून बघितलंही नाही.

थोड्या वेळाने सासूबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "हाऊ काय तमाशा शे?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. देवी गेली होती.

मला वाटलं संपलं. सासूबाई बोलत होत्या, पोळी मागत होत्या. पण नाही. मोहिनी घरात पळाली, फ्रिज उघडला, कोथिंबिरीचा डबा बाजूला केला, बेबाताईंच्या कांड्या आणि कचऱ्यातली सुई उचलून पर्समध्ये टाकली. मग म्हणते, "आजीला जळगावला न्यायचं. आत्ता."

"अगं बऱ्या आहेत त्या!"

"आत्ता बऱ्या आहेत. औषध दिवसभर अंगात राहणार आहे. साखर परत उतरेल. आई, चला."

मी जाणार नव्हते. पण सासूबाईंनी माझा पदर धरला. चौरंग अक्कांच्या सुनेच्या डोक्यावर गेला. रिक्षा हायवेला लागली तरी डफ ऐकू येत होता.

इथे आल्यावर मोहिनीने हळूच विचारलं, "सकाळी कशातून भरलं, आई?"

"कांडीतून. बेबाताईंनी आणली ती."

"लाल टोपणाच्या सुईने?"

"हो. सोळा. बरोबर रेघेवर, बुडबुडासुद्धा नव्हता."

तिने डोळे मिटून घेतले. मग आत जाऊन डॉक्टरांशी इंग्रजीत बोलली. डॉक्टरांनी दारातून माझ्याकडे बघितलं. सासूबाईंना ग्लुकोजची बाटली लावली आहे. घरून निघाल्या तेव्हा बऱ्या होत्या म्हणते मी, तर दुपारी मशीनवर पुन्हा पन्नासच्या खाली. ही बाटली लावायला बरी चिठ्ठी मिळाली.

५ ऑगस्ट, मंगळवार.

सासूबाई घरी आल्या. डॉक्टरांनी सकाळचे सोळाचे बारा केले, आणि सांगितलं की चार घास पोटात गेले की मग सुई. मोहिनीने रजा टाकली आहे, सुया तीच देते. मला हातही लावू देत नाही असं नाही, पण मी उठायच्या आधीच देऊन मोकळी होते. ठीक आहे. माझी कटकट गेली.

कांड्या तिने परत दिल्या नाहीत. चांगलं औषध.

६ ऑगस्ट, बुधवार.

संध्याकाळी भाऊबंद जमले. अक्कांनी सरळ सांगितलं. मोहिनीने देवीला टोचलं, देवीचा नैवेद्य उष्टा केला, देवीला मध्येच घालवलं. तिने कानबाईच्या जागी नाक घासायचं, ओटी भरायची आणि नोकरी सोडायची. ज्या हातांनी हे केलं ते हात परत सुईला लागायला नकोत. पुनवेच्या आत नाक घासलं नाही तर तिला रोट नाही. आणि जिला रोट नाही ती भाऊबंदकीत नाही.

रोट म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. तो फक्त कुळातल्या माणसांनी खायचा, पुनवेच्या आत संपवायचा. लेक सासरी गेली की तिलासुद्धा मिळत नाही. सुनेला मिळाला की ती घरची.

यांनी खाली मान घातली. हेमराज म्हणाला, "अक्का, ती नोकरी..." आणि तिथेच थांबला. त्याची वाक्यं तिथेच थांबतात.

मोहिनी उभी राहिली. म्हणाली, "चूक माझी आहे. मी आईंना नीट शिकवायला कमी पडले. त्याबद्दल माफी मागते. पण साखर दिली त्यासाठी नाक नाही घासणार. परत तसं झालं तर परत देईन."

म्हणजे चूक कबूल केली म्हणावी, तर केली नाही. आणि मला शिकवण्याचा यात संबंध काय? सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मीच काही केलंय. भरल्या सभेत माझं नाव कशाला घ्यायचं? अक्का म्हणाल्या, "हाई पाय, सासूवर ढकली राहिनी." मला अक्कांचं पटलं.

आत खाटेवरून सासूबाई ओरडल्या, "माले कोनी तरी इचारा!" कोणी विचारलं नाही. म्हातारं माणूस, देवी येऊन गेल्यावर भ्रम राहतो थोडा.

७ ऑगस्ट, गुरुवार.

दुपारी मी तांदूळ निवडत होते. मोहिनी दोन तांबे आणि साखरेचा डबा घेऊन समोर बसली. आता हे काय नवीन!

"आई, एक गणित घालू?"

"घाल बाई. तेवढंच राहिलंय."

"दोन्ही तांबे सारखे. एकात चाळीस चमचे साखर विरघळवली. दुसऱ्यात शंभर. दोन्हीतून एक एक वाटी घेतली, वाटी तीच. पहिल्या वाटीत सोळा चमचे साखर आली. दुसऱ्या वाटीत किती?"

मी तांदळातून मानही वर केली नाही. शंभर भागिले चाळीस, अडीच. सोळा अडीच चाळीस. "चाळीस," म्हटलं. "वाटी तीच, पण पाक अडीचपट दाट. यात काय अवघड आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुमचं गणित पक्कं आहे, आई. माझंच सांगायचं राहिलं होतं." तांबे उचलून गेली.

कोणाला हौस असते अशी! साखर मात्र डब्यात परत ओतली, एक दाणा सांडला नाही, हे खरं.

७ ऑगस्ट, पुन्हा.

वाटी तीच.

८ ऑगस्ट, शुक्रवार.

बेबाताईंना फोन केला. राहिलेल्या कांड्या कोणाला देऊ नका म्हटलं. त्या म्हणाल्या, अगं शेजारच्या रुपचंदभाऊंना देणार होते, त्यांनाही साखर आहे. मी म्हटलं, देऊ नका. का? मी म्हटलं, ताई, का विचारू नका, देऊ नका, आधी त्या फ्रिजमधून बाहेर काढा आणि मला काढल्या म्हणून सांगा. फोन चालू ठेवून त्यांना उठवलं. रागावल्या. रागावू द्या.

देवापुढे बसले, जप होईना. प्रत्येक मण्याला एकच आकडा येत होता.

सोमवारी मी कोणाच्या पाया पडले?

९ ऑगस्ट, शनिवार. राखीपौर्णिमा.

सगळं नीट लिहिते, मग झोपेन.

सकाळीच अक्का आल्या, मागे चार-सहा बायका. रोट संपवायचा शेवटचा दिवस. कानबाईची जागा सारवून ठेवली होती. मोहिनी आत सासूबाईंची सुई घेऊन बसली होती. अक्कांनी परातीतला रोट मोडून सगळ्यांना वाटला. मोहिनीचं नाव घेतलं नाही.

सासूबाईंना दिला तर त्यांनी ताट सरकवलं. "नही खावाव."

अक्का म्हणाल्या, "माय, देवीना रोट शे."

"ती पोर खाई, तव्हय मी खासू."

मी म्हटलं, चार घास खा, मग सुई द्यायची आहे. सासूबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. म्हणाल्या, "नही ना. घास नही तं सुई नही. पोरनंच सांगेल शे ते."

बघा आता! मोहिनीचा नियम सासूबाईंनीच हत्यार केला. मोहिनीला म्हटलं, दे सुई, खातील नंतर. ती म्हणाली, "नाही देणार, आई. जेवल्याशिवाय नाही." ती हलेना, म्हातारी हलेना, अक्का हलेनात. रोट न खाता पुनव गेली तर देवीचा कोप. सुई न देता दिवस गेला तर साखर परत चारशे. आणि या सगळ्यांमध्ये परात धरून कोण उभं? मी! या घरात शहाणं एकही माणूस नाही.

अक्का म्हणाल्या, "सुनंदा, तुन्ही सूननी देवीले घालाडं, आते सासूले उपाशी मारी राहिनी."

तेव्हा सासूबाई उठून बसल्या. "भिकू, माले देवी-बिवी काही नही उनी व्हती. माले भूक लागेल व्हती. जीभ उचलेना, पाणी मांगं मी, अन् तुम्ही बठ्ठ्यासनी माले कुंकू लायं."

अक्कांचा चेहरा उतरला, मग लगेच चढला. "देवी ये तव्हय मानूसले समजत नही, माय." बोर खणायचं मशीन त्यांनी सोमवारीच सांगून ठेवलं आहे, कळतंय मला. देवी आली नाही असं कशा म्हणतील?

आणि मला इतका वैताग आला, इतका, की तोंडातून निघून गेलं.

"अक्का, देवी आली नव्हती. औषध अडीचपट गेलं होतं. सोळाच्या जागी चाळीस, आणि पोटात अन्न नाही. सुई मी दिली होती. मोहिनीने नाही. मी."

कोणीतरी परात माझ्या हातून घ्यायला पुढे झालं, मला वाटतं हेमराज. मी दिली नाही. मी म्हटलं, "नाक कोणी घासायचंच असेल तर मी घासते, पाळी माझी होती. पण आधी हिला खाऊ द्या, म्हणजे म्हातारी खाईल, म्हणजे सुई देता येईल. ऊन किती वर आलंय!"

आणि रोट मोडून मोहिनीच्या हातावर ठेवला. मोठा मोडला गेला. ती बघतच राहिली, मी म्हटलं, "बघतेस काय, खा! तुझ्यामुळे सगळी खोळंबली आहेत." तिने खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चावत होती. लगेच सासूबाईंनी ताट ओढलं.

अक्का उठून गेल्या. जाताना त्यांच्या वाटणीचा रोट पदरात बांधून नेला, माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलतील की नाही, कानबाई जाणे. पुढची पाळी आम्हाला देतात की नाही तेही.

मोहिनीने हात धुतले आणि बाटली माझ्यापुढे धरली. स्वतः भरली नाही. "तुम्ही द्या, आई."

मी म्हटलं, "मी नाही."

"तुम्हीच. सोमवारपासून मला परत ड्यूटी आहे."

बाटली तळहातांत घोळवली. हलवली नाही.

"बाटलीवर काय लिहिलंय?"

"चाळीस."

"सुईवर?"

"चाळीस. लाल टोपण."

"किती भरायचं?"

"बारा. आता तू बघ." तिने बघितलं, बारा म्हणाली. मी सासूबाईंकडे वळले. गालात घास होता. मी थांबले.

"टोच ना," त्या म्हणाल्या.

"आधी गिळा," मी म्हटलं.